लातूर विभागात मागणी वाढती आहे

४ मे २००१. लोहा, दुपार.

शेवटची बादली जीपमध्ये बसेना, तेव्हा ती मांडीवर घेतली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, पायापाशी ठिवा की. पायापाशी आधीच दोन होत्या. नांदेड ते लोहा, दहा किलो सप्तद्रव्य मांडीवर. दोन्ही पायांना मुंग्या. आता चहाला थांबलोय. (चहा सोडायचा आहे. सोमवारपासून.)

सप्तद्रव्य मागच्या वर्षापर्यंत पिशवीत यायचं. या हंगामापासून कंपनीने ते झाकणाच्या हिरव्या बादलीत घातलंय. आत पॉलिथीनची पिशवी, पिशवीत पावडर. जस्त, लोह, बोरॉन वगैरे सूक्ष्म अन्नद्रव्यं. सातवं कोणतं ते मला अजून लेबल वाचूनच सांगावं लागतं. किंमत पूर्वीचीच. हेड ऑफिसचा निर्णय. मला विचारलं असतं तर विरोध केला असता. शेतकरी माल बघतो, भांडं बघत नाही.

४ मे. लातूर, संध्याकाळ.

गुलाम रसूल यांच्या दुकानात माल उतरवला. गंजगोलाईच्या मागे तीन पिढ्यांचं दुकान. आजोबा बियाणं विकायचे, हे खत विकतात. त्यांनी बादलीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. कडी ओढून पाहिली. म्हणाले, बादली मजबूत हाय साहेब. मी जस्ताच्या टक्केवारीवर आलो तेव्हा त्यांनी चहा मागवला.

मग खोलीवर. सिंधू आणि शिल्पा लातूरला येऊन वर्ष होत आलं. अकरावी झाली, बारावीचे क्लास सुरू झाले. कॉलेजं नांदेडलाही आहेत, पण शिल्पाच्या वर्गातल्या हुशार मुली सगळ्या लातूरला निघाल्या होत्या. दोन वर्षांचाच प्रश्न आहे, असं सिंधूच म्हणाली होती. त्यातलं एक गेलं.

मांडीवरची बादली त्यांना दिली. पावडर काढून घेतली, सॅम्पलला होईल. शिल्पा म्हणाली, पप्पा, मस्तय, अजून एक आणा ना. कंपनीच्या वस्तूचं घरात कौतुक पहिल्यांदाच झालं. शेजारच्या दोन मुली सध्या सिंधूच्या हातचं जेवतात. त्या जेवायला बसल्या, मग खोलीत जागा राहिली नाही. मी निघालो. जीप थांबली होती.

९ मे. नांदेड.

उकाडा. पत्रा दिवसभर तापतो आणि रात्रभर निवत नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपात आम्ही औशाला होतो. घर पडलं नाही, पण भिंतीतला एक दगड सुटून सिंधूच्या उशीजवळ येऊन पडला. तेव्हापासून डोक्यावर माळवद नको, स्लॅब नको, हलकं पाहिजे, हा तिचा नियम. म्हणून नांदेडला आल्यावर ही वरची पत्र्याची खोली घेतली. खालची स्लॅबची खोली सध्या रिकामी आहे. मालक त्याच भाड्यात द्यायला तयार आहे. म्हणाला, साहेब, वर शिजून राहिले तुम्ही. मी नको म्हटलं. सिंधू परत आल्यावर तिला खाली झोप लागणार नाही.

लातूरला ती दुसऱ्या मजल्यावर राहते. वर एक स्लॅब, खाली दोन. पोरीच्या अभ्यासापायी सहन करत असेल. मी विचारलं नाही. विषय काढून कशाला घाबरवायचं.

१३ मे. नांदेड. रविवार.

‘मार्केट आउटलुक : लातूर व नांदेड विभाग’ लिहायला घेतलं. कोणी मागितलेलं नाही. पण एप्रिलच्या मीटिंगला औरंगाबादला झोनल साहेब म्हणाले होते की, लातूरने खरिपात नांदेडच्या दुप्पट माल उचलला तर तिथे कंपनीचं स्वतंत्र ऑफिस काढू. ऑफिस काढलं की तिथे कोणीतरी बसावं लागणार. त्यांनी नाव घेतलं नाही, पण बोलताना माझ्याकडे बघत होते. (माझ्या मागे पंखा होता. तरी माझ्याकडेच.)

लातूरला बदली म्हणजे एक घर. दोन खोल्या, छत पत्र्याचं मिळालं तर उत्तम. सिंधूला सांगितलेलं नाही. ऑर्डर हातात आल्यावरच सांगणार. तिचा चेहरा बघायचा आहे.

आउटलुकचा मुद्दा साधा आहे. ज्वारी मागे पडली, सोयाबीन आलं. सोयाबीन रानातून जस्त, लोह, गंधक उचलतं. गुरं कमी झाली, शेणखत कमी झालं. म्हणजे कमतरता वाढणार. म्हणजे मागणी वाढणार. हे इतकं सरळ आहे की साहेबांना शंका येईल, म्हणून एक आलेखही काढला. रेघ शेवटी कागदाच्या बाहेर गेली. वर नवीन कागद चिकटवला.

२० मे. रविवार.

एसटीडी बूथवरून घरमालकिणीच्या फोनवर फोन. लक्ष्मम्मा देगलूरकडच्या, आवाज इतका मोठा की फोनची गरज नाही. कोण? शिल्पाचे पप्पा? थांबा हं. मग जिन्यात तोंड करून हाक. मग पावलं. सिंधूला उतरून यायला वेळ लागतो, तेवढ्यात मीटर पळतो.

सगळं ठीक आहे, म्हणाली. शिल्पा ठीक आहे. तुम्ही जेवता ना? मी म्हटलं, जेवतो. ठेवू का मग, म्हणाली, भाजी गॅसवर आहे.

माझा खर्च वाचवते.

खानावळीत माझ्या टेबलावर कोणी बसत नाही. ऑफिसर माणूस म्हणून अंतर ठेवतात. कधी कधी वाटतं, इतकं ठेवू नये.

६ जून.

भोकर, हदगाव भागात तीन दिवस. कापूसवाला शेतकरी ऐकून घेतो, मान हलवतो आणि युरिया घेऊन जातो. एका दुकानदाराने बादलीवर बसून माझ्याशी गप्पा मारल्या. नांदेड जिल्हा अजून तयार नाही. माझ्या योजनेच्या दृष्टीने हे वाईट नाही. दुप्पट करायला नांदेडचा आकडा लहान असलेला बरा.

चहा जूनपासून बंद करायचा होता. भोकरला नाही म्हणता आलं नाही.

१४ जून.

लातूरहून गुलाम रसूल यांचा फोन. साहेब, बादल्या पाठवा, जल्दी करा, जितक्या असतील तितक्या. मृगाचा पाऊस झाला, पेरण्या सुरू झाल्या, डीएपी खताचा सगळीकडे तुटवडा आहे. त्यांच्याकडे डीएपीचा एक ट्रक आला आणि दुकानापुढे रांग लागली. विचारलं, आपल्या मालाचं काय? म्हणाले, डीएपी घेणारा प्रत्येक माणूस तुमची बादली घेऊन जाऊन राहिला. मी विचारलं, प्रत्येक? म्हणाले, प्रत्येक. एकाला बी सोडला नाही.

हीच ती संतुलित खताची जाणीव. मी पाच वर्षं हे सांगत फिरलो. एकाही शेतकऱ्याने नुसतं डीएपी नेलं नाही. असं महाराष्ट्रात कुठे झालं असेल असं वाटत नाही.

आलेखाला आणखी एक कागद.

१७ जून. रविवार.

सिंधू या महिन्यात नांदेडला येणार होती. येऊ शकत नाही. आता पाच मुली जेवायला आहेत. नवीन वर्ष सुरू झालं, गावागावांतून आईबाप मुलींना सोडून जातायत. एक दिवस सुटी घेतली तर पोरी उपाशी राहतील, म्हणाली. बरोबर आहे.

मी म्हटलं, मीच येतो पुढच्या आठवड्यात. म्हणाली, या की. मग म्हणाली, दुपारी या, सकाळ-संध्याकाळ लई घाई असते.

२३ जून. लातूर.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

दुपारी सिंधूकडे जाताना पाण्याची वेळ होती. क्लासवाल्या मुलांच्या त्या अख्ख्या गल्लीत दर घरापुढे नळाला बादल्यांची रांग. आणि त्यात आपली बादली. हिरवी, बाजूला पिवळ्या अक्षरात सप्तद्रव्य. एक नाही, दोन नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक मुलगा डोक्याला साबण लावून उघडाच उभा होता, त्याच्या हातात आपली. पोस्ट ऑफिसजवळच्या मुलांच्या होस्टेलच्या गच्चीवर आपल्या बादलीत तुळस.

मी त्या साबणवाल्याला विचारलं, ही कुठून आणली? म्हणाला, पप्पांनी दिली. पप्पा काय करतात? शेती. सप्तद्रव्य वापरतात का? तो म्हणाला, काका, डोळ्यात जाऊन राहिलं, जरा पाणी सोडा.

म्हणजे शेतकरी वापरतो, समाधानी होतो आणि ती बादली अभिमानाने मुलाला देतो. नाव पुढच्या पिढीपर्यंत पोचलं. जाहिरातीवर खर्च करून हे झालं नसतं. आउटलुकमध्ये नवीन प्रकरण घालणार.

सिंधूला हे सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, हो, सगळ्यांकडं तीच हाय आता, आमची ओळखू यावी म्हणून शिल्पानं कडीला लाल चिंधी बांधली.

शेजारची खोलीही तिने घेतली आहे, मुली ठेवायला. स्लॅबकडे बोट करून मी विचारलं, भीती वाटत नाही? कशाची, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

५ जुलै. रेणापूर.

ग्राहक समाधान सर्व्हे. प्रश्नावली मीच तयार केली, पाचपैकी गुण. गुलाम रसूल यांच्या यादीतून हणमंतराव निवडले. रेणापूर शिवारात चांगली जमीन, बोलायला मोकळे. त्यांचा मुलगा सत्यम लातूरला क्लासला असतो. घरात ते आणि पारूबाई, दोघंच. मला बघून फार आनंद झाला त्यांना. बसा बसा म्हणाले, आता घरात बोलायला बी कोण न्हाई.

सप्तद्रव्याबाबत समाधानी आहात का? हणमंतराव म्हणाले, लई. पारूबाई आतून म्हणाल्या, झाकण तर इतकं घट्ट हाय की मुंगी शिरत न्हाई, लिहा, पाच लिहा. पाच लिहिले. इतर शेतकऱ्यांना शिफारस कराल का? केली की, म्हणाले, मेव्हण्याला सांगितलं, गुलामभाईकडंच जा म्हणून, दुसरीकडं कायबी गळ्यात मारतात. पाच.

वापराबद्दल विचारलं. हणमंतराव हसले. म्हणाले, बादली सत्यमकडं हाय, पावडर गुलामभाईकडं हाय, आन् म्या हितं हाय. पारूबाई म्हणाल्या, अवो, साहेबांची काय चेष्टा करता.

म्हणजे माल दुकानात सुरक्षित ठेवून हप्त्याहप्त्याने उचलतात. ही पद्धत मला नवीन होती. नोंद केली.

रानात गेलो. सोयाबीन गुडघ्याच्या खाली, वरची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची कमतरता, पुस्तकात असते तशी. इतकी स्पष्ट की मी दोन पानं वहीत ठेवली. याचा अर्थ इथे सप्तद्रव्याची गरज आहे हे सिद्ध झालं. मात्रा कमी पडली असणार. पुढच्या वर्षी इथली मागणी दुप्पट धरायला हरकत नाही.

पारूबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. सत्यमच्या पाटावर बसवलं. भाकरी वाढताना विचारलं, साहेब, तुमाला लेकरं? म्हटलं, एक मुलगी, लातूरलाच. मग तुमी बी आमच्यावानीच, म्हणाल्या.

मी म्हटलं, आमचं तात्पुरतं आहे.

८ जुलै. रविवार.

रात्री झोप आली नाही म्हणून नव्हे, विचार आधीच पक्का होता. आज झोनल साहेबांना प्रस्ताव पाठवला.

लातूर ऑफिसला अडचण एकच, खर्च. आणि आपला सगळा खर्च बादलीत चाललाय. रिकाम्या बादलीला जागा लागते, वाहतूक महाग पडते, एका जीपमध्ये माल मावत नाही. ब्रँड आता स्थापित झाला आहे. सर्व्हेत पाचपैकी पाच. तेव्हा ऑगस्टपासून सप्तद्रव्य पुन्हा साध्या पिशवीत द्यावं आणि वाचलेल्या पैशात लातूर ऑफिस सुरू करावं. ग्राहक आता मालासाठी येतो, भांड्यासाठी नाही. हे वाक्य अधोरेखित केलं.

सोबत आलेख. पाकिटात घडी बसेना, पाकीट बदललं.

फोन केला नाही. आज सिंधूने करावा असं ठरवलं होतं. संध्याकाळी बूथवाल्याला दोनदा विचारलं, माझा काही फोन? तो म्हणाला, साहेब, हितं फोन येत न्हाईत, हितून जातात.

१९ जुलै.

प्रस्ताव मंजूर. झोनल साहेबांचं पत्र, दोन ओळी. ‘तुमच्या शिफारशीनुसार बादली पॅक १ ऑगस्टपासून बंद. लातूर ऑफिसचा निर्णय खरिपाचे आकडे पाहून.’

माझ्या शिफारशीनुसार. हे शब्द कंपनीच्या पत्रात पहिल्यांदा आले.

औसा रोडला दोन खोल्या बघायच्या. बाजारात एक छोटं स्टूल बघितलं, सिंधूला पोळ्या बसून लाटायची सवय आहे. घेतलं नाही. तिथे गेल्यावर घेऊ.

४ ऑगस्ट. लातूर.

पिशव्यांचा पहिला माल. किती सुटसुटीत. एका जीपमध्ये सगळा मावला आणि मला पाय लांब करता आले.

गुलाम रसूल दुकानाबाहेर आले, जीपमध्ये वाकून बघितलं, मागून बघितलं. म्हणाले, बादली कुठाय? मी खर्चाचं गणित समजावलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, साहेब, हा सल्ला कुणाचा? मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. या, चहा घ्या, म्हणाले.

शिल्पा क्लासला. सिंधू बाजारात. लक्ष्मम्मांनी ओसरीवर बसायला सांगितलं. गेंट्सना वर जाता येत नाही आता, नवीन नियम, पोरींचे आईबाप विचारतात ना, म्हणाल्या. मी म्हटलं, मी शिल्पाचा पप्पा. त्या म्हणाल्या, अय्यो, तुम्हाला ओळखत नाही का मी, पण एकाला सोडलं की सगळे पप्पा वर जातात. नियम योग्य आहे. शिल्पाच्याच सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तासभर बसलो. जीपवाला घाई करत होता, निघालो.

११ ऑगस्ट.

लातूरहून ऑर्डर नाही. पावसाने ओढ दिली आहे. शेतकरी आभाळाकडे बघत असेल.

१८ ऑगस्ट.

ऑर्डर नाही. पोळा आला. या दिवसांत कोणी खत घेत नाही.

२५ ऑगस्ट.

नाही. गणपती. शिवाय पाऊस चांगला झाला, रानात पाय ठेवता येत नाही म्हणे.

शिल्पाला फोन केला. टेस्ट आहे, पप्पा, पटकन बोला, म्हणाली. मी पटकन बोललो. ठेवल्यावर आठवलं, काय सांगायचं होतं ते राहिलंच.

३० ऑगस्ट. लातूर.

गुलाम रसूल यांना म्हटलं, गोदाम बघायचं आहे. ते म्हणाले, बघू नका साहेब. मी आग्रह धरला.

गोदाम गावाबाहेर, भूकंपानंतर कुठल्याशा संस्थेने दिलेली पत्र्याची शेड. दार उघडलं. आत कोपऱ्यापासून पत्र्यापर्यंत पॉलिथीनच्या पिशव्या. सप्तद्रव्य. बादल्यांमधून काढलेलं. जूनपासूनचं सगळं. एकही फोडलेली नाही.

गुलाम रसूल यांनी पोत्यावर रुमाल टाकला, मला बसवलं आणि सांगितलं. जूनमध्ये डीएपीचा तुटवडा. अशा वेळी कुठलाही दुकानदार डीएपीच्या मागे न खपणारा माल लावतो. हे घ्याल तर ते मिळेल. कुणी बाटल्या लावतो, कुणी पुड्या. शेतकरी शिव्या देतो आणि घेतो. ह्यांनी आमचं सप्तद्रव्य लावलं. पण त्याच हप्त्यात पोरांना क्लासला सोडायला लोक लातूरला आले होते. खोली घेतली की पहिली चीज लागते बादली. पैसे जाणारच आहेत, तर निदान बादली मिळते, म्हणून सगळी रांग माझ्या दारात, म्हणाले. पावडर कशाला न्यायची, वझं होतं, ठेवा तुमच्याकडंच म्हणायचे. मी ठेवली. कुणाची अमानत हाय ती.

मी म्हटलं, तुम्ही मला आधी का सांगितलं नाही? ते म्हणाले, सांगणार होतो साहेब. पण तुम्ही त्या गल्लीतून असे खूश होऊन आला होता. सुलतानबी म्हणाली, माणूस एवढा हसून राहिला, राहू द्या. सुलतानबी म्हणजे त्यांच्या पत्नी. मी त्यांना एकदाच भेटलो आहे.

आता पिशवीला कोणी हात लावत नाही. मागच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने युरियामागे प्लॅस्टिकचे मग लावलेत. रांग तिकडे गेली.

परत येताना विचार केला. शेडमध्ये एवढा माल पडून आहे याचा अर्थ रब्बीला पुरवठ्याची अडचण येणार नाही. हरभऱ्याला जस्त लागतंच. आउटलुकमध्ये ‘उपलब्ध साठा’ असं एक पान घालता येईल.

ते पान लिहिलं नाही.

७ सप्टेंबर.

झोनल साहेबांचा फोन. आवाज चांगला होता. गुलाम रसूल यांनी पिशव्यांचा माल परत पाठवलाय. लातूर ऑफिस होणार नाही. हेड ऑफिसला बादली बंद करण्याच्या शिफारशीवर माझं नाव आहे, तेही त्यांनी सांगितलं. तुम्ही नांदेडलाच राहा, म्हणाले, तिथे आपला आकडा स्थिर आहे.

स्थिर म्हणजे भोकरला जवळजवळ काहीच नाही, तेवढंच दरवर्षी.

साहेब मला काढू शकले असते. काढलं नाही. म्हणजे विश्वास आहे.

१५ सप्टेंबर.

लातूरला स्वतः जाऊन सिंधूला सांगायचं ठरवलं. ऑफिस झालं नाही ही बातमी फोनवर देण्यासारखी नाही. ती मनाला लावून घेईल. एक तर बारावीचं वर्ष. शनिवारची रजा टाकली, रविवार जोडून आहेच. समजूत काढायला दोन दिवस पुरतील.

चहा सोडला. (आजपासून.)

२२ सप्टेंबर. लातूर.

दुपारी पोचलो. मुली क्लासला होत्या म्हणून लक्ष्मम्मांनी वर सोडलं. पाच वाजेपर्यंत, म्हणाल्या.

दोन्ही खोल्यांत मिळून सहा कॉट. भिंतीवर वेळापत्रकं. सिंधू खाली बसून पोळ्या लाटत होती, समोर डब्यांची ओळ. केस नीट बांधलेले. थोडी जाड झाली आहे, बरी दिसते. मी बसलो आणि सुरुवात केली. एप्रिलची मीटिंग, दुप्पट माल, स्वतंत्र ऑफिस, औसा रोडच्या दोन खोल्या. मग सावकाश शेवटाला आलो. झालं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, म्हटलं.

ती लाटायची थांबली. म्हणाली, म्हणजे तुम्ही इथं येणार होता?

मी म्हटलं, हो.

मग तुम्ही राहिला असता कुठं?

मी औसा रोडच्या खोल्या पुन्हा सांगितल्या. ती म्हणाली, आन् ह्या पोरी? ते मी धरलं नव्हतं. एवढ्यात पोळी करपायला लागली, तिने उलटली.

मी विचारलं, शिल्पाची बारावी फेब्रुवारीत संपेल, मग? ती माझ्याकडे बघायला लागली. रागाने नाही. आपण पावती विसरलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतो तसं. म्हणाली, शिल्पा जिथं नंबर लागेल तिथं जाईल, औरंगाबाद, मुंबई. मी इथंच. पुढच्या वर्षीच्या चार पोरी आत्ताच ठरल्यात. त्यांच्या आयांना शब्द दिलाय. नांदेडला येऊन मी काय करू हो? तुम्ही सहा दिवस फिरतीवर. मी आपली पत्र्याकडं बघत बसायची.

मी म्हटलं, पत्रा तुझ्यासाठीच आहे. स्लॅबची भीती.

ती गेली कधीच, म्हणाली. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?

नसेल सांगितलं. की सांगितलं असेल आणि मागे भाजी गॅसवर असेल.

मुली आल्या. मला भिंतीकडेला ताट वाढलं. एकीने विचारलं, काका, तुम्ही कुणाचे पप्पा? म्हटलं, शिल्पाचा. ती म्हणाली, शिल्पा तर आठला येते, तोवर बसणार? मग लक्ष्मम्मांची खालून हाक आली. पाच वाजले होते.

शिल्पा जिन्यात भेटली, लवकर सुटली होती. मी म्हटलं, मी दोन दिवस आहे. ती म्हणाली, अरे वा, पप्पा, कुठं उतरलात?

गुलाम रसूल यांच्या घरी उतरलो आहे. दुकानावरून जात होतो, त्यांनी बोलावलं, चेहरा बघितला आणि शटर ओढलं. सुलतानबींनी पुढ्यात ताट ठेवलं. जेवलोय म्हटलं तर म्हणाल्या, इथं तर न्हाई जेवले ना. गुलाम रसूल म्हणाले, साहेब, तुमची पावडर खोटी न्हाई. मी माझ्या लिंबाला टाकली, लिंबं लागली. मी विचारलं, खरंच? म्हणाले, खरंच. मी म्हटलं, मग हे इतरांना का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं. लोक म्हणाले, बादली दे.

सुलतानबी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. खूप दिवसांनी कोणाबरोबर तरी जेवलो, ताट पूर्ण संपवलं.

दुसऱ्या दिवसाचं काय करायचं ते ठरलं नाही.

२३ सप्टेंबर. रविवार.

सकाळी सिंधूला निघतो म्हणून सांगायला गेलो. ओसरीपर्यंत खाली आली, हाताला पीठ होतं. वाटेत खायला डबा दिला. डबा परत पाठवायची घाई नाही, म्हणाली. नांदेडची थेट गाडी भरून गेली होती. अहमदपूरला गाडी बदलली, तिथे बसायला जागा मिळाली.